ज्यांच्या रोटात तू नव्हतास

भिका,

अमळनेरला जिनाच्या मागच्या भिंतीला लागून आपली खोली होती. कापसातली सरकी वेगळी करणारा तो कारखाना दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत धडधडत राहायचा. आबा गाठी उचलायचे, माय यंत्रापुढे कापूस सोडायला बसायची. संध्याकाळी दोघं घरी यायचे ते भुवयांसकट पांढरे होऊन. लोकांच्या भाकरीत केस निघाला तर लोक ताट सारतात. आपल्या भाकरीत रुई निघायची, ती दोन बोटांनी ओढून काढायची आणि पुढचा घास घ्यायचा, इतकंच. होळीनंतर जिन बंद. मग आबा स्टेशनावर मालधक्क्याला, माय मिळेल त्या शेतात निंदायला, आणि पावसाळ्याच्या तोंडी दोघांनाही काही नाही. तेव्हा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि चिंचेचं पाणी. आबांचा खोकला मात्र बाराही महिने कामावर असायचा.

तुझ्याआधी दोन मुलगे गेले होते. म्हणून मायने पाच घरी पदर पसरून तुला मागून घेतलं आणि नाव ठेवलं भिका. मला कोणी मागितलं नव्हतं, मी आपली आले आणि राहिले. तू अंगावर आलास की मी म्हणायचे, "जास्त बोलू नको, पाची घरले वापस करी देसू तुले." तू खरंच घाबरायचास. पुढे मोठा झाल्यावर म्हणालास, "अक्का, ती घरं दाखव तरी, एकदा आभार मानून येतो."

आपल्या घरात पहिली पदवी माझी. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. बी.ए. झाले, बी.एड. झाले, धुळ्याला शाळेत लागले, तिथेच लग्न झालं. दुसरी पदवी तुझी व्हायची होती, आणि ती माझ्यापेक्षा मोठी.

जळगावला ते वाचनालय होतं, जिथे रशियात छापलेली मराठी पुस्तकं आणि मासिकं मिळायची. कागद असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. अमळनेरच्या निम्म्या पोरांच्या वह्यांना त्या कागदाची कव्हरं होती. तूही घालायचास, फक्त आधी वाचायचास. बारावीला मार्क चांगले पडले, पण इथल्या डॉक्टरकीला पुरतील इतके नाही. वाचनालयातल्या माणसानेच तुला तिकडच्या शिष्यवृत्तीची वाट दाखवली. दिल्लीहून बोलावणं आलं तेव्हा मायने विचारलं, "रशिया म्हंजे सुरतना पुढे शे का?"

"हां माय, जरासा पुढे."

काका शेजारी त्यांच्या ओट्यावर उभे होते. म्हणाले, "भिका डॉक्टर व्हई आणि आपलाच घरना माणसेसले सुया टोची." तू म्हणालास, "काका, पहिली तुमलेच." आबा हसले आणि हसता हसता खोकत बसले. तू व्होल्गा नदीकाठच्या शहरात गेलास. आधी एक वर्ष भाषा शिकायची, मग सहा वर्षं डॉक्टरकी.

आता मला रोटांबद्दल लिहावंच लागेल, कारण तुझं माझं सगळं भांडण त्यावर आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन. तिच्या नैवेद्याचे रोट ज्या गव्हाचे करायचे, तो गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घ्यायचा. आणि ते रोट खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न करून गेलेल्या लेकीलाही नाही. भाऊ भांडले की आधी रोट वेगळे होतात, मग चूल, मग शेत. तू चौथीत होतास तेव्हा आबांचे आणि काकांचे रोट वेगळे झाले. गावातल्या घराची वाटणी करायला पारोळ्याहून मामा आले, मायचे भाऊ. वाटणीला मामाच लागतो, कारण तो त्या घरचे रोट खात नाही. मामा दोरी हातात घेऊन अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "मले आठे काही लेवानं नही, देवानं नही. मी सरळ बोलसू." काका गुरगुरले, पण मामांनी दोरी जिथे धरली तिथेच भिंत उभी राहिली, आणि जिनामागची खोली सोडून आपण तिच्या अलीकडे राहायला आलो. आबांच्या वाट्याला कमी आलं असं मायला कायम वाटत राहिलं. भांडण मात्र तिथे थांबलं.

तू तिकडे वसतिगृहात दरवर्षी त्या रविवारी रोट करायचास, तव्यावर, कसलेही. आणि खोलीतल्या रशियन, युक्रेनी, उझबेक पोरांना वाटून टाकायचास. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तू घरी आलास तेव्हा मायला हे कळलं आणि तिने कपाळावर हात मारला. "रोट बाहेर देतस का कोनी?" तू भाकरी मोडत म्हणालास, "बाहेर कोठे, माय. आठे तुम्ही, तठे मन्ही भाऊबंदकी तीच शे."

त्याच सुट्टीत आपलं ते भांडण झालं. तू तीच एकदा घरी आलास, आणि त्यातही दोन दिवस भांडणात गेले. तिकडे साबणाला रांग, साखरेला रांग, पंधरा राज्यांतली पाच-सहा वेगळं व्हायच्या गोष्टी करतायत, हे तूच सांगत होतास. मी म्हटलं, "मग फुटेल की तुझा देश."

"फुटेल, अक्का. पण नीट फुटेल. ज्याने त्याने आपले रोट वेगळे मांडायचे. रोट वेगळे म्हणजे वैर नाही."

"काकाला विचार. अंगणातली भिंत प्रेमाने बांधली का?"

"त्या भिंतीवरून कोणी बंदूक तरी नाही रोखली ना?"

"बंदूक नव्हती म्हणून."

तू हसलास. मग म्हणालास, "तू इतिहास शिकवतेस, म्हणून तुला सगळीकडे पानिपत दिसतं." मी म्हटलं, "आणि तुला गुळगुळीत कागद दिसतो." आबा खाटेवरून म्हणाले, "आते बठ्ठा जगना निकाल तुम्हीच लावा, मी जपस." ते झोपले. आपण भांडतच राहिलो. दुसऱ्या दिवशी तुझी गाडी होती, म्हणून ते तिथेच राहिलं.

एक्याण्णवला कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी मी अमळनेरला होते. माय बोरी नदीवरून ओला पदर पिळत परत आली, आणि शेजारच्या रेडिओवर सांगत होते की मॉस्कोत रणगाडे आले. दोन दिवस कोणी कोणावर गोळी झाडली नाही. मला वाटलं, भिकाच बरोबर ठरतो की काय. तिसऱ्या दिवशी एका तुकडीने गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या तुकडीने त्या झाडणाऱ्यांवर झाडल्या. मग थांबलं नाही. महिन्याभरात एका फौजेच्या दोन झाल्या, दिवाळीपर्यंत किती झाल्या ते रेडिओवाल्यालाही सांगता येईना. पानटपरीवर लोक म्हणायचे, "त्यासनापा अणुबॉम्ब शेतस, आपलं काय खरं नही." मी तिथून जाताना पाय उचलून चालायचे. त्यांना अणुबॉम्बची काळजी होती. मला एका माणसाची होती.

भिका, मी मुलांना शिकवते की इतिहासात जर-तरला जागा नाही. पण एकटी असले की मीच ते करते. त्या सकाळी त्या कोणा अधिकाऱ्याने हुकूम दिलाच नसता तर? सैनिक रणगाड्यावर बसून बिड्या ओढत राहिले असते, कोणा आजीने त्यांना पाव दिला असता. चार महिन्यांनी एक झेंडा खाली आला असता, दुसरा वर गेला असता. आपल्या वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापलं असतं आणि पुढच्या आठवड्यात सगळे क्रिकेटकडे वळले असते. तू शेवटचे पेपर दिले असतेस. आपल्या भांडणात तू जिंकला असतास आणि आयुष्यभर मला ऐकवलं असतंस. मी ऐकून घेतलं असतं. झालं ते माझ्या बाजूने झालं. असं जिंकणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तुझ्या शहराच्या मधून नदी जाते. एका काठावर जुना झेंडा, दुसऱ्या काठावर नवा, आणि पूल पहिल्याच हिवाळ्यात उडाला. तुझं इस्पितळ जुन्या झेंड्याच्या काठावर. आपल्या सरकारने विमानं पाठवली, मुलं परत आली. धुळ्याचा नरेंद्र, तुझ्याच वर्गातला, तोही आला. मला भेटायला शाळेत आला तेव्हा त्याच्या अंगात तुझा निळा स्वेटर होता. माय तो विणत असताना लोकर मीच धरली होती. तो उभाच राहिला. म्हणाला, "ताई, मी त्याची बॅग भरली होती. त्याने ती माझ्याच हातात दिली. म्हणाला, तू ने, माझे स्वेटर तुला होतील."

"आणि तो?"

"मोठे डॉक्टर पळालेत, ताई. मुलांच्या वॉर्डात तो आणि नर्सा आहेत."

त्यानंतरचं एक वर्ष मी शाळेच्या ऑफिसातल्या फोनकडे कान लावून काढलं. तुझे फोन आले ते मोजकेच. कधी रेडक्रॉसच्या गाडीतून, कधी कुठून. तू थट्टा करायचास. "अक्का, इथे इतकी थंडी आहे की शिवीसुद्धा गोठते, उन्हाळ्यात ऐकू येईल." मी विचारायचे, कधी येतोस. तू म्हणायचास, येतो.

शेवटचा फोन माघातला. वॉर्डात शेगडीला जळण उरलं नव्हतं, औषधं उरली नव्हती. पलीकडच्या काठावर चालू इस्पितळ होतं. मध्ये फक्त नदी, आणि तीही गोठलेली, चालत जाता येईल अशी. पण बर्फावर काही हललं की दोन्ही काठांवरून गोळी यायची. तू म्हणालास, "मुलं पलीकडे गेली की मी निघतो, अक्का. शपथ."

आणि मी बोलले. मुख्याध्यापक समोर बसले होते, तरी बोलले. "आबांनी छातीत रुई भरून घेतली ती तुला दुसऱ्याच्या भाऊबंदकीत मारायला नाही. ते भाऊभाऊ आहेत, एकमेकांचे गळे कापतील नाहीतर मिठ्या मारतील. तू कोण त्यांचा? तू त्यांच्या रोटातला नाहीस, भिका. तुला कोणी सांगितलंय मध्ये पडायला?"

तारेत नुसती घरघर. मग म्हणालास, "अक्का, हे बरोबर बोललीस." आणि फोन तुटला.

मला वाटलं, टोमणा मारलास. घरी येताना मी रागातच होते. आजही मी तो शब्द मागे घेत नाही. बहीण याहून वेगळं काय बोलणार होती?

फाल्गुनात तार आली. तापाने मृत्यू, दफन तिथेच. मी ती घेऊन अमळनेरला गेले. आबांना वाचून दाखवली. त्यांनी तो कागद हातात घेतला, त्याची घडी घातली. मग म्हणाले, "डॉक्टर व्हयना व्हता का तो?"

"हो आबा."

परीक्षा झालीच नाही, हे मला माहीत होतं. पण दोन हिवाळे ज्याने वॉर्ड सांभाळला त्याला काय म्हणायचं ते मी ठरवीन. गावात एकाने विचारलं, "पण सर्टिफिकेट?" मी म्हटलं, "ते द्यायला बसलेला माणूस सगळ्यांच्या आधी पळाला." परत कोणी विचारलं नाही.

काका आले होते. भिंतीच्या आपल्या बाजूला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खाटेच्या कडेला बसले आणि आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून उठून गेले. एवढंच. मी यात काही जास्तीचं वाचत नाही, तूही वाचू नकोस.

मला तुझा राग आला होता, भिका. अजून आहे. तू गेलास यापेक्षा जास्त राग याचा, की कशासाठी गेलास ते तारेत नव्हतं. मुलं पलीकडे गेली की नाही? ती तिथेच, त्या थंड वॉर्डात तुझ्यासोबत गेली असतील, तर तू आमच्याकडे यायचं सोडून काय मिळवलंस? हा प्रश्न घेऊन मी वर्गात उभी राहायचे आणि फळ्यावर भलतंच लिहायचे. नरेंद्रलाही माहीत नव्हतं. तिकडे फोन लागत नव्हते, लागले तर कोणी उचलत नव्हतं.

मग हा श्रावण आला. रोटांचा गहू घ्यायला माय बसली. लग्न झालेली लेक म्हणून मी बाजूला, नुसती बघायला. तिने आबांच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकली. पुन्हा हात गव्हात घातला आणि तो तिथेच राहिला. बाहेर काढेना, मूठ वळेना. आबा खाटेवरून तिच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माय, घे ना, एक वर्ष. देवीला काय कळतंय."

मायने हात गव्हातून रिकामा बाहेर काढला. झटकला. "त्यानी मूठ आते तठला लोके लेतीन," ती म्हणाली. "त्यासले खावाडं ना त्यानी." मग सूप उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "पन त्या पोरे जगनात का, इतलं तरी इचारी ये."

म्हणजे तिच्याही मनात तेच होतं. मी समजत होते मी एकटीच.

धुळ्याला येऊन मी नरेंद्रला धरलं. त्याने दिल्लीला, मग आणखी कुठे कुठे विचारत, तुझ्या वॉर्डातल्या मोठ्या नर्सचा पत्ता काढला. जिला तू मावशी म्हणायचास ती. ती आता पलीकडच्या काठावरून आणखी आत, एका लहान गावातल्या इस्पितळात आहे. रविवारी दुपारी आम्ही बसस्टँडसमोरच्या फोनबूथवर जायचो. काही रविवार नुसते गेले. बूथवाले शेठजी म्हणायचे, "मॅडम, लाइन मिळत नाही तर चहा तरी घ्या." परवाच्या रविवारी लागला. शेठजींनी उठून रेडिओ बंद केला.

नरेंद्र रशियनमध्ये बोलत होता. मला एकच शब्द कळत होता, तुझं नाव, तेही ती "भीकाऽ" असं लांबवून म्हणायची. मग नरेंद्र नुसता ऐकायला लागला.

"काय म्हणतेय?"

"थांबा ताई." थोड्या वेळाने त्याने रिसीव्हर छातीला धरला. "ती विचारतेय, तुम्ही त्याची तीच बहीण का, भांडणारी."

"सांग तिला, तीच."

मग ती बोलत राहिली आणि नरेंद्र तुकड्या-तुकड्यांनी मला सांगत राहिला. माझ्याशी फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आपल्या काठावरच्या फौजेच्या मुख्याकडे गेलास. मग पांढरी चादर काठीला बांधून बर्फावरून पलीकडच्या मुख्याकडे. दोघांनीही तेच विचारलं, तू कोणाचा माणूस? तू दोघांनाही तेच सांगितलंस. माझी बहीण मास्तरीण आहे, ती म्हणते मी तुमच्या घरचा नाही. खरं आहे. तुमच्या वाटणीत मला काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. आमच्याकडे अशाच माणसाला मध्ये उभं करतात. एक दिवस गोळी थांबवा आणि मला मध्ये उभं करा.

पलीकडचा मुख्य हसला म्हणे. म्हणाला, "तुझ्या बहिणीला आमच्याकडे पाठव." पण ऐकलं त्याने.

त्यांनी एक दिवस दिला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. नर्सांनी बर्फावरच्या घसरगाड्या ओढल्या, मुलं घोंगड्यांत गुंडाळलेली. तू नदीच्या मधोमध चादर धरून उभा होतास, दिवसभर, दोन्ही काठांना दिसेल असा. संध्याकाळी मावशी म्हणाली, आता इकडेच राहा. तू म्हणालास, म्हातारी माणसं राहिलीत, त्यांचं बघून येतो. परत गेलास. तिथे ताप होताच, तो तुला लागला.

मी बूथच्या काचेला धरून उभी होते. माझा शब्द तू असा वापरलास. मी तुला तिथून ओढून काढायला तो टाकला होता, आणि तू त्यावर उभा राहिलास. याला मी काय म्हणू? आभार मानू की भांडू? दोन्ही करायला तू समोर हवास.

मी नरेंद्रला म्हटलं, "विचार, सगळी?"

त्याने विचारलं. पलीकडून ती एकेक नाव घ्यायला लागली. नरेंद्रने तिला थांबवलं नाही. बाहेर शिरपूरची गाडी लागली, भरली, गेली, तरी ती नावं घेत होती.

त्याच दिवशी मी एस.टी.ने अमळनेरला गेले आणि मायला सांगितलं. आबांनाही हात धरून उठवून बसवलं आणि सांगितलं. आता तुला सांगते, कारण तापात तुला ते कळलं होतं की नाही, हे मावशीलाही ठाऊक नाही. पलीकडे इस्पितळात जागा होती, शेगड्या चालू होत्या, डॉक्टर होते. तुझ्या वॉर्डातली सगळी मुलं नदी ओलांडून पोचली आणि ती सगळी जगली.